किल्लीसकट मिळणारे कुलूप

फाइल शेअरिंगच्या संकेतस्थळावरून उतरवलेली झिप किंवा रार फाइल, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेले पुडके, उघडायला जावे, तर पासवर्डची चौकट समोर येते, आणि तो पासवर्ड त्याच पानावर, डाउनलोडच्या बटणाखाली, ठळक अक्षरांत लिहून ठेवलेला असतो. कधी १२३४, कधी चालू वर्षाचा आकडा, कधी त्या संकेतस्थळाचेच नाव. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली विसंगती कुणाला खटकेनाशी झाली आहे. पासवर्ड लावायचा तो इतरांनी आत डोकावू नये म्हणून. आणि येईल त्याला तो सांगूनच टाकायचा असेल, तर मुळात लावला कशाला? पुण्याच्या पेठांमधल्या लहान कचेऱ्यांचे, डीटीपीच्या दुकानांचे आणि अभ्यासिकांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने हा प्रश्न मला वरचेवर इतरांना विचारावा लागतो, आणि बहुतेक वेळा समोरून उत्तर येते, "मॅडम, ते तसंच असतं."

ते तसे असण्याला कारण आहे. हा पासवर्ड माणसापासून काहीच लपवत नाही; तो लपवतो तपासणाऱ्या यंत्रांपासून. अशा संकेतस्थळांवर फाइल चढवली जाते तेव्हा बऱ्याच ठिकाणी तिची व्हायरस-तपासणी होते, उतरवताना ब्राउझर ती तपासतो, मेलने आली तर मेलचा सर्व्हर तिच्या आत शिरून पाहतो. या सगळ्या तपासण्या फाइलमधले बाइट वाचून ओळखीचा घातक नमुना शोधतात. पासवर्ड लावला की आतला मजकूर कूटबद्ध होतो, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो, आणि कूटबद्ध मजकुरात कोणताही नमुना उरत नाही. तपासणीचा निकाल "काही आढळले नाही" असा येतो आणि तो खोटाही नसतो, कारण आढळण्यासाठी आत पाहावे लागते. सोसायटीच्या वॉचमनला परक्या पेटीची किल्ली फिरवण्याचा अधिकार नसतो. पेटीला कुलूप लावून किल्ली तिलाच बांधून पाठवली, की पेटी फाटकातून बिनबोभाट आत येते आणि उघडते ती थेट दिवाणखान्यात.

पासवर्डचा आणखी एक उपयोग पाठवणाऱ्याला होतो. एखादी घातक फाइल एकदा ओळखली गेली की तिचा हॅश, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेला ओळख-आकडा, जगभरच्या याद्यांत नोंदवला जातो. तीच फाइल नव्या पासवर्डाने पुन्हा बांधली की बाहेरच्या पुडक्याचा हॅश पूर्णपणे बदलतो आणि यादीतल्या नोंदीचा उपयोग संपतो. आतला माल तोच राहतो, दुवा मात्र कितीतरी अधिक दिवस जिवंत राहतो.

ही युक्ती नवी नाही. २००४ साली मेलमधून पसरलेल्या बेगल नावाच्या वर्मने, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पाठवणाऱ्या घातक प्रोग्रामने, पासवर्ड लावलेल्या झिप फाइली पाठवायला सुरुवात केली होती आणि पासवर्ड मेलच्या मजकुरातच दिलेला असे. अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी मजकुरातून पासवर्ड वाचून झिप उघडण्याची सोय केली, तेव्हा बेगलच्या पुढच्या आवृत्त्यांनी पासवर्ड चित्राच्या रूपात पाठवायला सुरुवात केली, म्हणजे तो माणसाला वाचता यावा आणि यंत्राला येऊ नये. आज डाउनलोडच्या पानावर पासवर्ड अक्षरांऐवजी चित्रात दिसला, तर त्यामागे वीस वर्षांहून जुनी ही परंपरा आहे. २०२० मध्ये मेलमधूनच पसरणाऱ्या एमोटेट या घातक प्रोग्रामनेही हाच मार्ग धरला. जपानमध्ये सरकारी कचेऱ्यांतून पासवर्ड लावलेली झिप एका मेलने आणि तिचा पासवर्ड लगेच दुसऱ्या मेलने पाठवण्याचा रिवाज होता. गुप्ततेत त्याने काही भर पडत नाही, उलट व्हायरसची तपासणी तेवढी अडते, हे लक्षात घेऊन तिथल्या मंत्रिमंडळ कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तो बंद केल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे या सवयीला खतपाणी मिळाले ते चांगल्या हेतूच्या व्यवस्थेतून, हेही मान्य केले पाहिजे. ई-आधारची पीडीएफ नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष टाकल्याशिवाय उघडत नाही. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाला पॅन आणि जन्मतारीख लागते. आधारची ऑफलाइन केवायसी तर झिप फाइलच्या रूपातच उतरते आणि तिला चार अंकी शेअर कोड असतो. बँकेच्या खातेउताऱ्याचीही तीच तऱ्हा. परिणामी पासवर्ड मागणारी फाइल म्हणजे अधिकृत आणि जपून ठेवलेली फाइल, असा एक ग्रह नकळत तयार झाला आहे. फरक एवढाच, पण मोठा आहे की या सर्व ठिकाणी पासवर्ड फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या माहितीवरून तयार होतो किंवा आपण स्वतः ठरवलेला असतो. जगाला सांगितलेल्या पासवर्डाला हे लागू होत नाही.

आता एक रास्त आक्षेप. फाइल उघडल्यावर, म्हणजे आतला माल डिस्कवर मोकळा झाल्यावर, आपल्या संगणकावरचा अँटिव्हायरस ती पकडणारच की. मग वाटेतल्या तपासण्या चुकल्या तरी बिघडले कुठे? आक्षेप बरोबर आहे, आणि फाइल बनवणाऱ्यालाही तो पक्का ठाऊक असतो. म्हणूनच पुढची सगळी मांडणी त्या एका क्षणासाठी केलेली असते, आणि ती पाहण्यासारखी असते.

अशी एक फाइल मी मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आभासी संगणकात उघडली होती, त्यातले तपशील देते. एका महागड्या व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती असा तिचा दावा होता आणि दुवा एका व्हिडिओखालच्या वर्णनात होता. रार फाइल सुमारे दहा मेगाबाइटांची होती. ज्या सॉफ्टवेअरची मूळ प्रत काही गिगाबाइटांची असते, ते दहा मेगाबाइटांत कसे मावले, हा विचार तिथेच पडायला हवा. उघडल्यावर आत आणखी एक रार आणि एक टेक्स्ट फाइल. टेक्स्ट फाइलमध्ये पासवर्ड, आणि त्याखाली क्रमवार सूचना: विंडोज डिफेंडरचे (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचे) रिअल-टाइम संरक्षण बंद करा, ब्राउझरचा इशारा आला तर दुर्लक्ष करा, हा 'फॉल्स पॉझिटिव्ह' (म्हणजे चुकून आलेला इशारा) आहे, सेटअप उजव्या क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. दुसरी रार उघडली, तर सेटअपची फाइल सातशे मेगाबाइटांहून मोठी निघाली. दहा मेगाबाइटांतून सातशे! त्या फाइलच्या शेवटी शून्यांची अखंड रांग भरलेली होती. शून्ये दाबली की जवळपास नाहीशी होतात, म्हणून पुडके लहान आणि मोकळी फाइल अवाढव्य. हा फुगवटा कशासाठी, तर अनेक तपासणी-साधने ठराविक आकारापुढची फाइल वेळ वाचवण्यासाठी सोडून देतात, आणि शंका घेऊन ती व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरसांकडून एकदम फाइल तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर तपासायला जावे, तर तिथे ६५० मेगाबाइटांपर्यंतचीच फाइल चढवता येते.

म्हणजे वाटेतल्या तपासणीसाठी पासवर्ड, घरातल्या तपासणीसाठी फुगवटा, आणि तरीही काही सुटले तर डिफेंडर बंद करण्याचे काम वापरणाऱ्याच्याच हातून. यातली शेवटची पायरी मला सर्वांत चलाख वाटते. क्रॅक किंवा की-जनरेटर हे परवान्याची तपासणी मोडणारे प्रोग्राम असल्यामुळे अँटिव्हायरस त्यांना एरवीही 'हॅकटूल' म्हणून अडवतोच, त्यामुळे असा इशारा येणारच असे गृहीत धरून तो बाजूला सारण्याची सवय अनेकांना आधीपासून लागलेली असते. खऱ्या धोक्याचा इशारा त्याच सवयीत वाहून जातो.

अशा फाइलींतून हल्ली बहुधा निघतात ते 'इन्फोस्टीलर', म्हणजे माहिती उचलून नेणारे प्रोग्राम. ते पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. सेटअप चालवला, एक त्रुटीची चौकट आली आणि गेली, सॉफ्टवेअर काही बसले नाही, एवढेच वापरणाऱ्याला दिसते; तो वैतागून दुसरा दुवा शोधू लागतो. तेवढ्या अवधीत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आपोआप भरले जाणारे फॉर्म, टेलिग्रामच्या डेस्कटॉप आवृत्तीचे सत्र, क्रिप्टो पाकिटे आणि कुकीज गोळा होऊन निघून गेलेल्या असतात. कुकीजकडे लोकांचे लक्ष जात नाही, पण खरा घाव तिथेच बसतो. आपण जीमेलमध्ये एकदा शिरलो की दर वेळी पासवर्ड आणि ओटीपी द्यावा लागत नाही, कारण आपण आत आहोत याचा पुरावा कुकीच्या रूपाने ब्राउझरमध्ये राहतो. ती कुकी चोरली की चोर पासवर्डाशिवाय आणि ओटीपीशिवाय आपल्या खात्यात बसू शकतो. कर्वेनगरकडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले होते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असूनही त्याच्या इन्स्टाग्रामवरून क्रिप्टोच्या जाहिराती जाऊ लागल्या, आणि "ताई, ओटीपी तर मी कुणालाच दिला नाही" हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

हा धंदा किती मोठा आहे याची कल्पना लुम्मा या एका इन्फोस्टीलरवरून येते. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने त्याची सुमारे २,३०० डोमेन ताब्यात घेतली किंवा बंद पाडली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत लुम्माची लागण झालेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक आढळल्याचे कंपनीने सांगितले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांच्या पुढाकाराने रेडलाइन आणि मेटा या दोन स्टीलरांवर कारवाई झाली होती. ही साधने भाड्याने मिळतात, त्यामुळे फाइल चढवणारा प्रोग्राम लिहिणारा असावा लागत नाही. त्याने फक्त लोक काय शोधत आहेत तेवढे ओळखायचे असते.

पुण्यात लोक काय शोधतात, हे मला बऱ्यापैकी माहीत आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ऑटोकॅड आणि मॅटलॅब शोधतात. शास्त्री रस्ता, नवी पेठ, सदाशिव पेठ इथल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी मुले स्पर्धापरीक्षेच्या टेस्ट सिरीज आणि नोट्स शोधतात. आणि डीटीपी करणारे शोधतात फॉन्ट.

फॉन्टची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिथे शोधणाऱ्याला सरसकट लबाड ठरवता येत नाही. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठी एकच ठरलेली अक्षरसंहिता, रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांवर उभी राहिली, त्यांत प्रत्येक घराण्याची अक्षरांची मांडणी निराळी होती. अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रद्दी दिसते. आजही एखाद्या ज्येष्ठ लेखकाचे हस्तलिखित, किंवा एखाद्या संस्थेची वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका, अशाच फाइलमध्ये येते आणि काम तर आजच द्यायचे असते. नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात दिवाळी अंकांच्या धामधुमीत हेच घडले. तिथल्या ऑपरेटरने फॉन्टचा एक संच शोधून उतरवला. रार फाइल, पासवर्ड शेजारी लिहिलेला. आत खरोखरच फॉन्ट होते, आणि त्यांच्यासोबत ते सगळे एका दमात बसवून देणारा इन्स्टॉलर. तो त्याने चालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजमेकरच्या सगळ्या फाइलींच्या नावांपुढे चार अनोळखी अक्षरांचे शेपूट लागले होते, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. मालक काका सुन्न होऊन बसले होते आणि ऑपरेटर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मॅडम, पण फॉन्ट तर व्यवस्थित बसले होते हो."

बसले होते, यात शंका नाही. आमिष खरे असले की शंका फिरकत नाही. हे 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाच्या रॅन्समवेअरचे, म्हणजे फाइली कूटबद्ध करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचे काम होते, आणि हे कुटुंब मुख्यतः क्रॅक, की-जनरेटर आणि अशाच फुकट पुडक्यांतून पसरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने त्याच्या १४८ उपप्रकारांसाठी मोफत साधन काढले, पण नंतरच्या उपप्रकारांत प्रत्येक बळीसाठी सर्व्हरवरून वेगळी किल्ली येते आणि अशा फाइली त्या साधनाने सुटत नाहीत. दुकानातला उपप्रकार नंतरचा होता. हा रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० किलोबाइटांचाच भाग कूटबद्ध करतो, म्हणून मोठ्या व्हिडिओ फाइली कधीकधी दुरुस्त करता येतात. पेजमेकरच्या लहान फाइलींच्या बाबतीत तेवढ्यात जवळजवळ सर्वच जाते. हाती लागल्या त्या छापखान्याला मेलने आधीच पाठवलेल्या पीडीएफ. त्यांवरून उरलेला अंक उभा राहिला. पैसे काकांनी दिले नाहीत, आणि मी तसाच सल्ला दिला होता, कारण पैसे मिळाल्यावर किल्ली येईलच याची हमी कुणी देत नाही.

एक साधी गोष्ट त्या ऑपरेटरला कुणी सांगितली असती तर बरे झाले असते. फॉन्ट बसवायला इन्स्टॉलर लागत नाही. टीटीएफ किंवा ओटीएफ फाइलवर उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटले की काम होते. फॉन्ट, पीडीएफ, प्रश्नसंच, चित्रपट, गाणी यांपैकी कशाच्याही पुडक्यात चालणारा प्रोग्राम असण्याचे कारण नाही. अभ्यासिकेतल्या मुलांना मी हेच सांगते की टेस्ट सिरीजची पीडीएफ असेल तर ती पीडीएफच असली पाहिजे, आणि ती ओळखण्यासाठी विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा. तो मुळात बंद असतो, आणि त्यामुळे 'राज्यव्यवस्था डॉट पीडीएफ डॉट इएक्सई' नावाच्या फाइलचे शेवटचे शेपूट लपून ती पीडीएफसारखी दिसते. चिन्ह तर बनवणाऱ्याने हवे ते लावलेले असते. डॉट एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर आणि डॉट एलएनके म्हणजे शॉर्टकट, हे दोन्ही प्रकारही प्रोग्रामसारखेच चालतात.

एक तपासणी पासवर्ड टाकण्याआधीही करता येते आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. साध्या झिप फाइलमध्ये पासवर्ड फक्त मजकुराला लागतो; आतल्या फाइलींची नावे, मूळ आकार आणि दाबलेला आकार उघडेच असतात. सेव्हन-झिप या पुडकी उघडणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये ती फाइल उघडून नुसती यादी पाहावी. नाव कशात संपते, सातशे मेगाबाइटांचे दहा मेगाबाइट झाले आहेत का, आत पुन्हा एक पुडके आहे का, हे सगळे पासवर्डाविना दिसते. रार आणि सेव्हन-झेड या प्रकारांत मात्र नावेही कूटबद्ध करण्याची सोय आहे. पासवर्ड जगजाहीर असलेल्या फाइलमध्ये कुणी ती सोय वापरली असेल, तर यादीसुद्धा कुणा यंत्राच्या दृष्टीस पडू नये इतकी काळजी त्याने घेतली आहे, आणि मी तरी ती फाइल तिथेच सोडून देईन. व्हायरसटोटलवर कुलूपबंद पुडके चढवून सगळे निकाल हिरवे आले म्हणून निर्धास्त होणे, ही आणखी एक फसगत. तिथल्या इंजिनांनाही आतले दिसत नसते. शिवाय तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या संस्थांपर्यंत पोहोचते, म्हणून अशिलाची कागदपत्रे असलेली झिप तपासण्यासाठी तिथे टाकू नये, हे कर सल्लागारांना वेगळे सांगावे लागते.

जुलै २०२४ मध्ये गूगलने क्रोममध्ये यावर एक तोड काढली. 'एन्हान्स्ड प्रोटेक्शन' चालू असेल आणि उतरवलेली कुलूपबंद फाइल संशयास्पद वाटली, तर क्रोम वापरणाऱ्याकडेच पासवर्ड मागतो आणि फाइल व पासवर्ड दोन्ही गूगलकडे पाठवून आतला माल तपासून घेतो. ज्यांना आपली फाइल कुठेही पाठवणे नको असेल, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. पण अनोळखी संकेतस्थळावरच्या पुडक्याची गुप्तता जपण्यासारखे त्यात काय आहे, असे मला वाटते.

आतापर्यंतचे सगळे धोके आतली फाइल चालवण्याचे होते. नुसते पुडके उघडण्याचेही धोके असतात, आणि ते पुडके उघडणाऱ्या प्रोग्राममधून येतात. विनरारची चाळीस दिवसांची चाचणी मुदत पुण्यातल्या कित्येक संगणकांवर वर्षानुवर्षे चालू आहे, हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू अशी की त्या संगणकांवरची विनरारची आवृत्तीही तितकीच जुनी आहे, कारण हा प्रोग्राम स्वतःहून अद्ययावत होत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की एस (ACE) नावाच्या जुन्या प्रकारच्या पुडक्यांसाठी विनरार वापरत असलेल्या भागात सुमारे १९ वर्षांपासून एक दोष होता, आणि त्यामुळे पुडके उघडताना आतली फाइल वापरणाऱ्याने निवडलेल्या फोल्डरऐवजी थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकता येत होती. संगणक पुढच्या वेळी सुरू झाला की ती आपोआप चालणार. पुडक्याचे नाव डॉट रार केले तरी दोष तसाच लागू पडे. २०२३ मध्ये दुसरा दोष उघड झाला: विनरारच्या खिडकीत एखाद्या चित्रावर दोनदा क्लिक केले की त्याच नावाच्या फोल्डरमधली घातक स्क्रिप्ट चालू होई. शेअर आणि क्रिप्टोची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर त्याचा वापर एप्रिलपासून चालू होता आणि दुरुस्ती ऑगस्टमध्ये ६.२३ या आवृत्तीत आली. २०२५ च्या जुलैत ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांना पुन्हा एक दोष वापरात असलेला सापडला, तो ७.१३ या आवृत्तीत दूर झाला. तेव्हा ज्यांच्याकडे याहून जुनी आवृत्ती असेल, त्यांनी हे वाचणे थांबवून आधी ती बदलली तरी मला वाईट वाटणार नाही.

सेव्हन-झिपलाही झुकते माप देण्याचे कारण नाही. विंडोजवर ब्राउझर इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला एक अदृश्य खूण लावतो, तिला 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात. ती खूण असलेला प्रोग्राम चालवायला गेले की स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या संरक्षणाचा निळा इशारा येतो. पुडक्याला लागलेली ही खूण आतल्या फाइलींना पोहोचवणे हे पुडके उघडणाऱ्या प्रोग्रामचे काम आहे. सेव्हन-झिपमध्ये ती सोय २०२२ मध्ये २२.०० या आवृत्तीत आली, आणि तीही मुळात बंद ठेवलेली. पुडक्यात पुडके असेल तर खूण गळून पडते हा दोष नोव्हेंबर २०२४ मध्ये २४.०९ या आवृत्तीत सुधारला गेला. वर वर्णन केलेल्या फाइलमध्ये रारच्या आत रार का होती, याचे एक कारण यावरून समजते.

काही फाइलींत घातक काहीच नसते, कारण त्यांत मुळी काहीच नसते. त्यांचा पासवर्ड पानावर दिलेला नसतो. तो मिळवण्यासाठी सर्वेक्षण भरा, अमुक ॲप उतरवा, चॅनेलला जोडले जा, मोबाइल क्रमांक द्या, अशा पायऱ्या असतात आणि पासवर्ड कधीच येत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 'संभाव्य प्रश्नपत्रिका' या नावाने असले पुडके फिरते, तेव्हा मोबाइलवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची सुटी फाइल, बसवायला सांगणारी पायरी त्यात असेल तर ती पुडक्याहूनही वाईट असते.

बाकी ज्या गोष्टींसाठी हा आटापिटा होतो, त्यांतल्या बऱ्याच सरळ मार्गाने मिळतात, हे कित्येकांना माहीत नसते. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य मिळते. मॅटलॅबची बरीचशी गणिते ऑक्टेव्ह या मोफत प्रोग्राममध्ये होतात. मराठीसाठी मुक्ता, बालू, नोटो अशी युनिकोड फॉन्टांची घराणी मोफत आणि मुक्त परवान्याची आहेत. जुन्या फॉन्टमधल्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, आणि तो मूळ फॉन्टच हवा असेल तर ज्याच्याकडे त्याचा परवाना आहे अशा दुसऱ्या डीटीपीवाल्याकडून मजकूर रूपांतरित करून घेणे पेठांमध्ये फार अवघड नाही. नारायण पेठेतले ते दुकान आता तेच करते.

अशी फाइल चालवली गेली आहे असे लक्षात आले, तर क्रम महत्त्वाचा. प्रथम त्या संगणकाचे इंटरनेट तोडावे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. त्याच संगणकावर बसून बदललेला नवा पासवर्ड जुन्याच्याच वाटेने जातो. सुरुवात मुख्य ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात, आणि पासवर्ड बदलल्यावर 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हे आवर्जून करावे, म्हणजे चोरलेल्या कुकीज निरुपयोगी होतात. त्यानंतर बँक, यूपीआय, डिजिलॉकर, समाजमाध्यमे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून मोफत सफाई-साधने मिळतात, आणि ती पुरवणाऱ्यांत आपल्या पुण्याचे क्विक हीलही आहे. तरी स्टीलर किंवा रॅन्समवेअर चालून गेलेल्या संगणकावर मी नुसत्या सफाईवर विसंबत नाही, दुसऱ्या संगणकावर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकते. पण त्याआधी, रॅन्समवेअर असेल तर कूटबद्ध झालेल्या फाइलींची आणि त्या 'रीडमी'ची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवते, कारण सोडवणुकीच्या किल्ल्या कधीकधी पुढे उपलब्ध होतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तक्रारीसोबत त्या पानाचा पूर्ण पत्ता, पासवर्ड दिसेल असा स्क्रीनशॉट, फाइल उतरवल्याची वेळ आणि ते मूळ पुडके न उघडता, आहे तसे, पेनड्राइव्हवर ठेवलेले असावे. ब्राउझरमधली डाउनलोडची यादी घाबरून पुसून टाकली असेल, तर पत्ता शोधण्यातच पहिला दिवस जातो.